युक्तिवाद कसा वाचावा? : ‘कास्ट्स इन इंडिया’च्या निमित्ताने

मंडळी, आजचा विषय ‘अभ्यासातील युक्तिवाद’ असा जाहीर झाला आहे. एवढं रुक्ष नाव वाचूनही तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. विषय कोरडा होऊ नये म्हणून आम्ही एकच मजकूर समोर ठेवणार आहोत आणि तासभर त्याच्यापासून हलणार नाही. तो मजकूर म्हणजे डॉ. आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा चर्चावर्ग चालत असे. ९ मे १९१६ रोजी त्या वर्गात हा निबंध वाचला गेला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. लेखकाचं वय तेव्हा पंचवीस. थोडक्यात, हा एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला वीसएक पानांचा पेपर आहे. आज मुख्यतः त्याच दृष्टीने तो वाचायचा आहे.

हाच निबंध का, ते आधी सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी आमची एक चूकही कबूल केली पाहिजे. आम्ही तीसेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे’ असं म्हणत दर जूनमध्ये बिचाऱ्या सॉक्रेटिसला मारलं. (हशा) मुलं ‘बार्बारा, सेलारेंट’ पाठ करायची, तर्कदोषांची नावं आणि एकेक उदाहरण लिहायची आणि त्यावर चांगले गुण मिळवायची. पुढे तीच मुलं प्रबंध लिहायला आमच्याकडे आली की आम्ही विचारायचो, ‘तुमचं म्हणणं काय आहे?’ उत्तर यायचं, ‘सर, माझा विषय आगरकर आहे.’ अहो, विषय कळला, म्हणणं काय? त्यावर शांतता. संविधानाचे सगळे आकार ज्याला येतात त्याला स्वतःचं एक विधान मांडता येत नाही, ही स्थिती काही त्या मुलांच्या आळसामुळे आलेली नव्हती. युक्तिवाद ही ओळखायची वस्तू आहे, असं आम्हीच शिकवलं होतं. तो करायचा असतो हे शिकवायचं राहून गेलं.

हा निबंध वर्गात घेतला तेव्हा तर त्याहून वाईट घडलं. एका मुलीने एक प्रश्न विचारला. तो प्रश्न काय होता ते योग्य जागी सांगतो. आम्ही तिला म्हणालो, ‘बाई, आधी निबंध नीट वाचा. बाबासाहेबांनी लिहिलंय, त्यात एवढं साधं सुटलं असेल का?’ ती खाली बसली आणि वर्ग पुढे गेला. तर्कदोषांच्या यादीत ज्याला आम्ही ‘अधिकाराचा आधार’ म्हणून शिकवत होतो तो दोष त्या तासाला वर्गात एकानेच केला होता, आणि तो एक म्हणजे आम्ही.

आता मजकुराकडे येऊ. निबंधाच्या आरंभी जातीच्या चार व्याख्या येतात: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. हे ज्ञानकोशकार केतकरच. त्यांचं ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ १९०९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं होतं. आता आपल्याकडच्या प्रबंधांतलं दुसरं प्रकरण आठवा, ‘संबंधित साहित्याचा आढावा’. अमुक असे म्हणतात, तमुक असे म्हणतात, यावरून असे दिसते की अनेकांनी या विषयावर लिहिले आहे. ही एक प्रकारची हजेरीच असते. आंबेडकरांनी चारच नावं घेतली, पण प्रत्येकाला एकेक काम लावलं.

सेनारच्या व्याख्येत विटाळाची कल्पना आहे. आंबेडकर म्हणतात, विटाळ हा जातीचा खास विशेष नाही. तो पौरोहित्याच्या कर्मकांडातून येतो, पावित्र्याच्या सर्वसाधारण कल्पनेचा भाग आहे आणि जातीला चिकटला तो पुरोहितांच्या जातीला वरचं स्थान मिळाल्यामुळे. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत ही अतिव्याप्ती झाली. लक्षण लक्ष्याच्या बाहेरही जातं. नेसफील्डने दुसऱ्या जातीशी रोटीव्यवहार नसणं हा जातीचा विशेष मानला. त्यावर आंबेडकरांचं उत्तर असं की हे कार्याला कारण समजणं झालं. गट बंदिस्त झाला म्हणून पंगत बंद झाली, पंगत बंद झाली म्हणून गट बंदिस्त झाला नाही. रिस्लेकडे नवं काही नाही, म्हणून त्याला दोन ओळींत निरोप. हे ‘निरोप देणं’ही शिकण्यासारखं आहे. आमचे विद्यार्थी ज्याच्याकडे काही नाही त्यालाही तीन पानं देतात, कारण परीक्षकाने ते नाव वाचलेलं असेल अशी धास्ती असते.

केतकरांशी मात्र ते थांबून बोलतात. आधी त्यांचं श्रेय देतात: या गृहस्थांनी जातीकडे एकटी वस्तू म्हणून न पाहता जातींच्या व्यवस्थेतला एक घटक म्हणून पाहिलं. मग दोष दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली. एक, सभासदत्व जन्माने मिळतं. दुसरं, गटाबाहेर लग्न करता येत नाही. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलंत की सभासद फक्त आतच जन्मणार. नैयायिक याला लाघव म्हणतात, जिथे एकाने भागतं तिथे दोन मानू नयेत. पण हा केवळ काटकसरीचा मुद्दा नव्हे. लक्षण एकच उरलं की पुढचा प्रश्नही एकच उरतो: हा गट आतल्या आत लग्नं लावून टिकतो कसा? व्याख्येच्या चर्चेतून निबंधाचा मुख्य प्रश्न असा आपोआप जन्माला आला. आमच्याकडे व्याख्या पहिल्या प्रकरणात लिहितात आणि ते प्रकरण संपलं की विसरतात. इथे व्याख्येवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

ती इमारत तशी साधी आहे. भारतात सगोत्र विवाह निषिद्ध आहे, म्हणजे बाहेर लग्न करण्याची रीत मूळचीच होती. तिच्यावर आत लग्न करण्याचं बंधन लादलं गेलं, तिथे जात निर्माण झाली. आता बंदिस्त गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण समसंख्य असले पाहिजेत, नाही तर कुणीतरी भिंत ओलांडणार. नवरा-बायको एकाच दिवशी मरत नाहीत. नवरा मेला की एक स्त्री जास्तीची, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा. जास्तीच्या स्त्रीची विल्हेवाट दोन मार्गांनी लावता येते, तिला नवऱ्याबरोबर जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा. जास्तीच्या पुरुषाला ब्रह्मचारी ठेवणं गटाला परवडत नाही, तेव्हा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून त्याला बायको द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही एका हिशेबात बसले.

ही पानं प्रथम वाचली तेव्हा आम्ही गार झालो होतो. या तीन चालींवर तोवर किती तरी लिहून झालं होतं. कुणी त्यांचा गौरव केला होता, कुणी निंदा. आंबेडकर एक भेद करतात, तो आमच्या मते या निबंधातली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे: एखादी चाल का गौरवली गेली हा एक प्रश्न आणि ती का सुरू झाली हा दुसरा प्रश्न. पातिव्रत्याचं तत्त्वज्ञान पहिल्याचं उत्तर देतं, दुसऱ्याचं देत नाही. चाल आधी येते आणि तिच्या गळ्यात हार नंतर पडतो. रोजच्या वादांतसुद्धा हा भेद ज्याला जमला त्याचं निम्मं काम झालं.

आता त्या मुलीचा प्रश्न. ती म्हणाली, ‘सर, विधवा जास्तीची आणि विधुरही जास्तीचा, तर मग त्या दोघांचंच लग्न का लावून दिलं नाही? गटही बंद राहिला असता आणि हिशेबही जुळला असता.’

बघा, किती नेमका प्रश्न आहे! विधवेच्या पुनर्विवाहाचा विचार आंबेडकरांनी केलेला आहे. ते म्हणतात, तिने जातीबाहेर लग्न केलं तर भिंत फुटते, आत केलं तर ती कुमारिकांच्या वाट्याचा वर पळवते. पण या दुसऱ्या शक्यतेत तो वर कुमारिकांसाठी राखलेला आहे असं धरलं आहे. वर विधुर असेल तर ती कुणाच्या वाट्याचं काय पळवते? हा पर्याय त्या पानांवर सरळ तपासलेला आम्हाला दिसत नाही.

यावर निबंधाची बाजू घेऊन काय म्हणता येईल? पूर्वपक्ष मांडायचा तर तो त्याच्या सगळ्यांत बळकट रूपात मांडावा, हा आपल्या परंपरेचा नियम आहे, आणि तो नियम पाळला तर उत्तर निबंधातच सापडतं. आंबेडकर स्पष्ट लिहितात की समाजात पुरुषाचा वरचष्मा राहिला आहे, नियम करणारा तोच आणि बहुधा नियमांच्या वरही तोच. स्त्रीला जाळणं किंवा कोंडणं चालतं, पुरुषाला नाही. तेव्हा विधुराला विधवा का नको होती, याचं उत्तर असं की त्याला कुमारिका हवी होती आणि नियम त्याच्या हातात होते. ठीक आहे. पण मग निष्कर्ष कशावर उभा राहिला? फक्त जातिबंद विवाहावर नव्हे. जातिबंद विवाह आणि पुरुषसत्ता अशा दोन आधारविधानांवर तो उभा आहे. त्यातलं पहिलं निबंधात ठळक आहे, दुसरं वाटेत एकदा बोलून जातं. लेखकाने ते लपवलेलं नाही, पण त्याचं वजन मोजलेलं नाही.

याला न्यायशास्त्रात एक नेमका शब्द आहे: उपाधी. नैयायिकांचं उदाहरण साधं आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे चूक, कारण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला सरपण ओलं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. ती लक्षात घेतली नाही की अनुमान फसतं. इथे जातिबंद विवाह हा अग्नी धरा, स्त्रीवर लादलेल्या त्या तीन चाली हा धूर धरा. पुरुषसत्ता हे ओलं सरपण आहे.

हे नुसतं शब्दांचं जुळवणं नाही ना, हे तपासायचं तर धुराशिवाय अग्नी दाखवता आला पाहिजे. तो महाराष्ट्रातच आहे. आपल्याकडे कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे, कुठे त्याला मोहोतर म्हणत. पाट लागे तो जातीतच. म्हणजे गट बंद, पण वैधव्य सक्तीचं नाही. आणि मौज अशी की हा दाखला निबंधाने स्वतःच आपल्या हाती दिला आहे. पुढच्या भागात आंबेडकर जाती कशा पसरल्या ते सांगतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याचा अनुकरणाचा सिद्धांत ते घेतात: अनुकरण वरून खाली झिरपतं आणि अंतर वाढेल तसं पातळ होतं. म्हणून ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या, त्यांच्या खालच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, आणखी खालच्यांनी नुसता बालविवाह आणि सर्वांत दूरच्यांनी फक्त जातितत्त्वावरची श्रद्धा. आता विचारा, त्या दूरच्या जाती यातली एकही चाल न पाळता, किंवा एखादीच पाळून, बंद कशा राहिल्या? राहिल्या तर खऱ्या. मग भिंत टिकवायला त्या तीन चाली अपरिहार्य होत्या, हे म्हणणं ढिलं पडतं.

आम्हाला वाटतं, यावर निबंधाचा कैवारी असं म्हणेल: चाली अपरिहार्य होत्या त्या पहिल्या गटाला, जो स्वतःहून दार लावून बसला. बाकीच्यांना ते दार बाहेरून बंद झालेलं आढळलं. ज्याला कुणी आत घेतच नाही त्याला स्वतःची भिंत राखायला एवढा खटाटोप लागत नाही. हे उत्तर चांगलं आहे आणि निबंधाच्या वृत्तीशी जुळतं. पण मग सिद्धांत दोन झाले, पहिल्या जातीचा एक आणि उरलेल्यांचा दुसरा. लाघवाचा जो दंडक केतकरांना लावला तो आता इथे लावून बघायला हवा.

आणखी एक दंडक आहे, तोही आंबेडकरांचाच. पाश्चात्त्य अभ्यासक जातीचं मूळ धंद्यात, जुन्या टोळ्यांच्या अवशेषांत, नव्या पंथांत, संकरात, स्थलांतरात शोधत होते. आंबेडकर विचारतात, या गोष्टी काय फक्त हिंदुस्थानात होत्या? जगभर होत्या, तर मग जगात इतरत्र जाती का झाल्या नाहीत? मिलने सांगितलेल्या व्यतिरेक पद्धतीचं याहून चांगलं उदाहरण आम्ही कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही. मात्र हे शस्त्र दुधारी आहे. वरच्यांचं अनुकरणही जगभर होतं, आपल्यातच लग्न करणारे उच्चवर्गही जगभर होते. इथेच जात का झाली? निबंधाचं उत्तर इथल्या पुरोहितवर्गाच्या असाधारण प्रतिष्ठेकडे बोट दाखवतं. ती प्रतिष्ठा कुठून आली, हा पुढचा प्रश्न आहे. तो वीस पानांत मावणारा नव्हता, याची जाणीव लेखकाला असावी.

आता इथे बसलेल्यांपैकी कुणाला वाटेल की आम्ही आज बाबासाहेबांच्या चुका काढायला उभे राहिलो. आणि दुसऱ्या कुणाला, ते आम्हाला अधिक सलतं, मनातून आनंद झाला असेल की चला, निबंधात भोक सापडलं, आता सगळं म्हणणं निकालात निघालं. त्या दुसऱ्या गृहस्थांसाठी गौतमाने न्यायसूत्रांत एक शब्द ठेवला आहे, वितंडा: स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा पाडणं. जात कशी निर्माण झाली याचं तुमचं उत्तर काय, ते आधी मांडा, मग बोलू. पहिल्या गृहस्थांना आम्ही खुद्द निबंधाचा शेवट दाखवू. तिथे तो पंचवीस वर्षांचा विद्यार्थी लिहितो की आपला सिद्धांत अखेरचा शब्द आहे असा आपला दावा नाही, आणि तो टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर सोडून द्यायचीही तयारी आहे. वर्गातल्या त्या मुलीने त्यांची हीच सूचना मानली होती. आम्ही मानली नाही.

शिवाय ते या निबंधापाशी थांबले नाहीत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिलं. ते भाषण म्हणून द्यायचं राहिलं, पुस्तक म्हणून आलं. त्यात उपाय म्हणून आंतरजातीय विवाह येतो, तो या निबंधातून सरळ निघतो: भिंत ज्याने झाली त्यानेच पडेल. पण तिथे ते पुढे जाऊन विचारतात की लोक आंतरजातीय विवाह करत का नाहीत, आणि उत्तर शास्त्रांवरच्या श्रद्धेत शोधतात. ‘सर्वांत दूरच्यांनी फक्त श्रद्धा उचलली’ असं जे १९१६ मध्ये जाता जाता म्हटलं होतं, ते वीस वर्षांनी मध्यभागी आलं. त्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या, १९४४ च्या, प्रस्तावनेत ते लिहितात की जुना निबंध त्यात मिसळून सगळं नव्याने लिहायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. ते पुनर्लेखन झालं असतं तर विधुर-विधवेच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं असतं, हा विचार आमच्या मनात अजून येतो.

इथे कुणी विद्यार्थी असतील तर त्यांनी उद्या एवढंच करावं. हा निबंध घ्यावा, प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक शब्द लिहावा: हा परिच्छेद व्याख्या करतो, खोडतो, दाखला देतो की निष्कर्ष काढतो? जिथे शब्द सुचणार नाही तिथे बहुधा एक आधारविधान मुकं आहे. ते आपल्या शब्दांत लिहून काढावं. मग केतकरांचं पुस्तक उघडावं आणि आंबेडकरांनी त्यांना न्याय दिला आहे का ते ताडून पाहावं. आम्हाला वाटतं बराचसा दिला आहे, पण केतकरांचा दोन लक्षणं ठेवण्याचा आग्रह अगदीच निरर्थक नव्हता. जातिबहिष्कृत झालेल्या जोडप्याच्या मुलाचं उदाहरण घेऊन विचार करा. आई-बाप दोघेही त्याच जातीत जन्मलेले, तरी मूल जातीत नाही. बाहेर लग्न कुणी केलेलं नाही, आणि तरी जन्माने सभासदत्व मिळालेलं नाही. मग ती नाण्याची एकच बाजू कशी? यावर आमचं मत अजून पक्कं झालेलं नाही.

घड्याळ आमच्या विरुद्ध साक्ष देतं आहे, तेव्हा थांबतो. मागे खांबाजवळ एक हात मघापासून वर आहे. माइक तिकडे द्या, आणि प्रश्न पूर्ण होईपर्यंत कृपा करून कुणी मध्ये बोलू नका.